मुलांच्या दातांना तार : गरज कोणाला आणि खर्च पेलायचा कसा?

रत्नागिरी तालुक्यातल्या एका वाडीत महिला बचत गटाची बैठक होती. हिशोब संपला, चहा झाला आणि निघता निघता एका ताईंनी मला बाजूला घेतले. "पोरीच्या दातांना तार लावायची म्हणतात डॉक्टर. चाळीस हजार सांगितलेत. लावू की नको?"

मुलगी नववीत. मागे उभी होती. माझ्याशी बोलताना तिचा हात सतत तोंडावर जात होता. वर्गात मुले तिला दातांवरून काय म्हणतात हे तिने सांगितले नाही, आईने सांगितले.

आईच्या मनात पैशापेक्षाही मोठी एक भीती होती. तिच्या नात्यातल्या एका मुलाला तीन वर्षांपूर्वी तार बसवली होती. फायनान्सवर कर्ज काढले, पहिले सहा-सात महिने नियमित गेले. नंतर वडिलांचे काम सुटले, हप्ते थकले आणि लाजेने दवाखान्यात जाणेही थांबले. दातांवर चिकटवलेल्या क्लिपा दीड वर्ष तशाच राहिल्या. त्यांच्याभोवती अन्न अडकून कीड लागली. कर्ज फेडून झाले, दात मात्र होते त्याहून वाईट झाले.

ताईंचा प्रश्न म्हणूनच केवळ "पैसे कुठून आणू" एवढा नव्हता. आपल्या वाड्यावस्त्यांत हा प्रश्न अनेक घरांत आहे, पण त्यावर उघड बोलले जात नाही. एक तर "दिसण्याचे चोचले" म्हणून तो उडवून लावला जातो, नाही तर घाईने कर्ज काढून उपचार सुरू होतो. या दोन टोकांच्या मधला रस्ता कोणता, ते या लेखात पाहू.

हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे का?

नाही. वरचे दात फार पुढे असतील तर खेळताना पडल्यावर तेच आधी तुटतात. दात एकमेकांवर चढलेले असतील तर ब्रश नीट फिरत नाही, कीड आणि हिरड्यांचे आजार वाढतात. काही मुलांचे खालचे पुढचे दात वरच्या टाळूला टोचतात. काहींचा जबडा चावताना एका बाजूला सरकतो आणि वाढीच्या वयात तो तसाच वाकडा वाढू शकतो.

आणि दिसण्याचा भागही क्षुल्लक नाही. समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९६३ च्या 'स्टिग्मा' या पुस्तकात दाखवून दिले की, शरीरावरची एखादी खूण माणसाला समाजात कमी लेखायचे निमित्त होते आणि मग तो माणूस आयुष्यभर ती खूण झाकण्यात शक्ती घालवतो. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुलगी आणि मुलाखतीत तोंड मिटून बसणारा मुलगा मी कामाच्या निमित्ताने पाहिले आहेत. ज्या घरांतली मुले आधीच जात, भाषा, कपडे यांवरून जोखली जातात, त्यांच्यासाठी हे ओझे दुप्पट असते.

तरीही प्रत्येक वेड्यावाकड्या दाताला तार लागत नाही. खर्च वाचवण्याची पहिली जागा इथेच आहे.

गरज कोणाला, वाट कोणी पाहावी?

ब्रिटनमध्ये १९८९ मध्ये तज्ज्ञांनी गरज मोजण्याची एक पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत १८ वर्षांखालील मुलांना तारेचा उपचार मोफत मिळतो, पण सरसकट नाही. चौथ्या-पाचव्या पायरीवरच्या आणि तिसऱ्या पायरीवरच्या काही मुलांनाच. आपल्याकडे अशी मोफत सेवा नसली तरी त्या मोजपट्टीतली समज आपल्या उपयोगाची आहे.

उपचार टाळू नये अशी काही लक्षणे :

– दात मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांपासून ६ मिलीमीटरपेक्षा जास्त पुढे असणे.
– खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या बाहेर येणे आणि चावताना जबडा सरकणे.
– खालचे दात टाळूला टोचून जखम होणे.
– तेरा-चौदा वर्षांपर्यंत सुळा आलाच नाही, तो हिरडीत अडकला आहे.
– जन्मतः ओठ किंवा टाळू दुभंगलेली असणे.

याउलट थोडी फट, एखादा किंचित फिरलेला दात, खालच्या दातांची हलकी दाटी यांत उपचार केला तर चांगला दिसेल, नाही केला तर नुकसान नाही.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना माहीत असायलाच हवी. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान अनेक मुलांच्या वरच्या पुढच्या दोन दातांत फट असते, दात पंख्यासारखे पसरलेले दिसतात. १९३७ मध्ये ब्रॉडबेंट या अमेरिकन दंततज्ज्ञाने या टप्प्याला 'कुरूप बदकपिल्ला'चा टप्पा म्हटले. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की ही फट बऱ्याचदा आपोआप मिटते. तिसरीतल्या मुलाच्या फटीसाठी घाबरून पैसे खर्च करण्याआधी तज्ज्ञाला विचारा, "हे वयाचे आहे की दोषाचे?"

सगळ्यांत स्वस्त उपचार : दुधाचे दात सांभाळणे

"दुधाचे दात, पडणारच आहेत" हे वाक्य आपल्या घरांत फार महाग पडते. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी त्या जागा राखून ठेवतात. किडीमुळे सहाव्या-सातव्या वर्षीच दाढ काढावी लागली की मागची दाढ पुढे सरकते, जागा संपते आणि पक्का दात वाकडा येतो. पुढे ज्या वाकडेपणासाठी तार लागते, त्यातल्या बऱ्याच वाकडेपणाची सुरुवात अशी किडीतून झालेली असते.

ही कीड दुर्मीळ नाही. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती.

दुसरी गल्लत सहाव्या वर्षी होते. या वयात सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताच दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी दुर्लक्ष करतात. ती पक्की दाढ असते. गेली की परत येत नाही.

त्यामुळे घरात करायच्या गोष्टी साध्या आहेत. रात्री झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश. बिस्कीट, खारी, गोड चहा दिवसभर थोडा थोडा न देता जेवणाच्या वेळेसच. मशेरी लावणाऱ्या आजी-आईने मुलांसमोर ती लावू नये, कारण मुले तेच उचलतात. चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखण्याची सवय असेल, किंवा मूल झोपेत तोंडाने श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. नाकाच्या मागची गाठ वाढल्याने तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचा वरचा जबडा अरुंद होऊ शकतो.

दुधाची दाढ काढावीच लागली तर "जागा राखणारी पट्टी बसवता येईल का?" हे त्याच दिवशी विचारा. दंतवैद्य तिला स्पेस मेंटेनर म्हणतात. तिचा खर्च पुढच्या तारेच्या खर्चाच्या तुलनेत अगदी थोडा असतो.

वय पाहून जावे

अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत एकदा तपासणी करून घ्यायला सांगते. तपासणी म्हणजे उपचार नव्हे. त्या वयात बहुतेकांना फक्त "थांबा, पाहू" असे सांगितले जाते.

जबडाच मागे असेल तर मात्र वाढीचे वय महत्त्वाचे असते. साधारण दहा ते चौदा या काळात, मुलींमध्ये थोडे आधी, काढता-घालता येणाऱ्या साधनाने जबड्याच्या वाढीला वळण देता येते. ही वेळ गेली तर मोठेपणी काहींना जबड्याची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. केवळ दात वाकडे असतील तर बारा-तेरा वर्षांनंतर कधीही तार लावता येते, अगदी नोकरी लागल्यावरही. म्हणून "आत्ताच लावा, नाहीतर उशीर होईल" असे कोणी म्हणाले तर विचारा, "जबड्याचा प्रश्न आहे की फक्त दातांचा?" दातांचाच असेल तर पैसे साठवायला दोन वर्षे घेतली तरी चालते.

खर्चाचा खरा हिशोब

खासगी दवाखान्यात साध्या धातूच्या तारेसाठी साधारणपणे तीस ते साठ हजार रुपये सांगितले जातात. दातांच्या रंगाच्या सिरॅमिक क्लिपांना जास्त आणि पारदर्शक अलाइनरना त्याहून कितीतरी जास्त. धातूची तार दिसते, एवढाच तिचा दोष. दात सरळ करण्यात ती कमी पडत नाही. मुलासाठी धातूचीच मागा, त्यात कमीपणा नाही.

पण फी हा हिशोबाचा एक भाग झाला. उपचार दीड ते दोन वर्षे चालतो, दर चार ते सहा आठवड्यांनी जावे लागते. म्हणजे सुमारे वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीत दोघांचे भाडे, खाणे, बुडालेली मजुरी आणि बुडालेली शाळा.

समजा, तीन पर्याय आहेत. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत, आपले आपण घालून पाहा.

मुंबईला फी १०,००० आणि एका फेरीचा खर्च दीड हजार. वीस फेऱ्यांचे ३०,०००, एकूण ४०,०००.

खेडला फी २०,००० आणि एका फेरीला ७००. वीस फेऱ्यांचे १४,०००, एकूण ३४,०००.

रत्नागिरी शहरात फी ४०,००० आणि एका फेरीला १५०. वीस फेऱ्यांचे ३,०००, एकूण ४३,०००.

म्हणजे दहा हजार आणि चाळीस हजार या फीमध्ये जेवढे अंतर दिसते, तेवढे ते घरापर्यंत येईस्तोवर उरत नाही. फेऱ्यांचा खर्च कमी करता आला तरच स्वस्त फीचा फायदा खऱ्या अर्थाने मिळतो. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. आईची मजुरी बुडवण्याऐवजी धडधाकट आजोबा नातीसोबत गेले, तर त्या फेरीचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

कुठे जावे?

दंत महाविद्यालये हा सामान्य घरांसाठी सगळ्यांत चांगला पर्याय आहे. दात सरळ करण्याचे शास्त्र बीडीएसच्या अभ्यासक्रमातच असल्यामुळे प्रत्येक दंत महाविद्यालयात त्याचा विभाग असतो. उपचार शिकणारे डॉक्टर करतात, पण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली. वेळ जास्त लागतो, फी कमी असते.

आपल्या जिल्ह्यात खेडला योगिता दंत महाविद्यालय आहे आणि खेड हे कोकण रेल्वेचे स्थानकही आहे. लांजा, राजापूर, संगमेश्वरकडच्यांना घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जाणे काही वेळा सोयीचे पडते. सांगलीत भारती विद्यापीठाचे दंत महाविद्यालय आहे. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी मामाकडे, आत्याकडे मुंबईत राहणार असेल तर हे दोन पर्याय पहिले. फक्त मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला जाऊन तार लावून येऊ आणि मग पाहू, असे करू नका. पुढच्या फेऱ्या कुठे होणार हे ठरल्याशिवाय सुरुवात नको.

महाविद्यालयात गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. शासकीय रुग्णालयांत हे पद असते आणि गरजू रुग्णाला सवलत किंवा देणगीदार संस्थेची मदत मिळवून देणे हे त्यांचे कामच आहे. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड सोबत ठेवा. विचारायला संकोच करू नका, ती भीक नाही.

खासगी दवाखान्यात जाणार असाल तर डॉक्टर एमडीएस आणि तेही ऑर्थोडॉन्टिक्स विषयातले आहेत का, हे पाहा. अनेक दवाखान्यांत हे तज्ज्ञ महिन्यातून ठरावीक दिवशी बाहेरून येतात. तो दिवस कोणता आणि ते आले नाहीत तर काय, हे आधी विचारा. पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या :

– एकूण रक्कम किती? त्यात एक्स-रे, दात काढणे, तुटलेली क्लिप बदलणे धरले आहे का?
– तार काढल्यावर घालायचा रिटेनर फीमध्ये आहे की वेगळा? (रिटेनर घातला नाही तर दात पुन्हा फिरतात आणि दोन वर्षांचा खर्च वाया जातो.)
– सुरुवातीला किती आणि दर फेरीला किती?
– मध्येच गाव बदलले तर एक्स-रे आणि साचे मिळतील का? किती पैसे परत?

उत्तरे लेखी घ्या. सगळी रक्कम एकदम भरू नका. अमेरिकेतील स्माइलडायरेक्टक्लब ही घरपोच अलाइनर देणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद झाली आणि पैसे भरलेले रुग्ण उपचाराच्या मध्यावर अडकले. मोठे नाव म्हणजे हमी नव्हे.

हप्ते घेताना

सर्वांत चांगला हप्ता म्हणजे दवाखान्यालाच थेट, दर फेरीला दिलेला. त्यात व्याज नसते आणि उपचार जेवढा झाला तेवढेच पैसे जातात. फायनान्स कंपनीचे कर्ज घेतले तर दवाखान्याला पूर्ण रक्कम आधीच मिळते आणि उपचार थांबला तरी हप्ते थांबत नाहीत. त्या नात्यातल्या मुलाच्या घरी हेच झाले.

"शून्य टक्के व्याज" असे सांगितले तर लक्षात ठेवा, रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज असे काही नसते. प्रक्रिया शुल्क किंवा वाढीव किंमत या रूपाने ते कुठेतरी असतेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जांवर सगळा खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते सांगणारे मुख्य माहितीपत्रक देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ते मागा, सही नंतर.

सरकारकडून काय मिळते?

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. दोन वर्षे दर महिन्याला जाऊन करायचा तारेचा उपचार तिच्या चौकटीत बसत नाही. बहुतेक आरोग्य विमाही अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत.

पण आधीच्या पायऱ्यांवर मदत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. कामथे, कळंबणी, दापोली यांसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते विचारून दाढ तिथेच भरून घ्या. आज भरलेली दाढ उद्याची तार वाचवू शकते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मतः दुभंगलेले ओठ-टाळू आणि दातांची कीड, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. दुभंगलेल्या टाळूच्या बाळाची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. या मुलांना पुढे तारेचाही उपचार लागतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच पुढच्या उपचाराचे विचारून ठेवा.

वाडीला काय करता येईल?

जर्मनीत एक चांगली पद्धत आहे. गरज ठरलेल्या मुलाच्या तारेचा खर्च सार्वजनिक आरोग्य विमा करतो, पण पालकांना सुरुवातीला २० टक्के वाटा स्वतः भरावा लागतो. दुसऱ्या मुलाचाही उपचार चालू असेल तर त्याच्यासाठी १० टक्के. उपचार पूर्ण झाला की हा वाटा परत मिळतो. मध्येच सोडला तर नाही. म्हणजे मदतही आहे आणि शेवटपर्यंत जाण्याचे कारणही.

हे आपल्याकडे लहान प्रमाणात का होऊ नये? बचत गटाचे अंतर्गत कर्ज आपल्याकडे चालतेच. गावचे मंडळ आणि मुंबईकर मंडळ जयंतीसाठी, विहारासाठी वर्गणी काढतात. त्यातूनच वर्षाला वाडीतल्या दोन मुलांसाठी थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल. ती कर्ज म्हणून द्यावी, दर फेरीला थेट दवाखान्याला भरावी आणि उपचार पूर्ण करून रिटेनर हातात आला की त्यातला ठरावीक भाग माफ करावा. कोणत्या मुलांना द्यायची हे ओळखीवर ठरू नये, तज्ज्ञाने लिहून दिलेल्या गरजेवर ठरावे.

आणि १४ एप्रिल किंवा बुद्ध पौर्णिमेच्या कार्यक्रमाला जवळच्या दंत महाविद्यालयाला पत्र देऊन विहारात तपासणी शिबिर मागता येईल. महाविद्यालये गावागावांत शिबिरे घेत असतात. त्यात सहा ते बारा वर्षांची मुले आधी बसवावीत, कारण त्यांचेच दात सर्वांत कमी पैशांत वाचतात.

त्या ताईंच्या मुलीला आम्ही दंत महाविद्यालयात नेले. पुढचे दात बरेच पुढे होते, गरज खरी होती. पण जबडा ठीक होता, घाई नव्हती. उपचार दहावीच्या परीक्षेनंतर सुरू करायचे ठरले. तोपर्यंत किडलेल्या दोन दाढा भरून घ्यायच्या आणि गटात दर महिन्याला ठरावीक रक्कम वेगळी टाकायची. सोबत आजोबा जातील.

परतताना एसटीत मुलगी म्हणाली, "मग अजून वर्षभर असेच?" मी हो म्हटले. मग तिने विचारले, तार लावल्यावर पेरू खाता येतो का? कडक काही दाताने तोडायचे नाही, फोडी करून खायचे, असे मी सांगितले. ती हसली. हात तोंडावर गेलाच, पण थोडा उशिरा.